चौथं पीस

त्या जानेवारीत चांदी इतकी चढली
की डुलुथमधली माणसं काटे-चमचे घेऊन रांगेत उभी राहिली.
निस्कानेनच्या दुकानात मी शनिवारचा मदतनीस,
इतर दिवस खनिजाच्या धक्क्यावर.
माझ्या नखांतला लाल गाळ बघून
म्हातारा आधी हातमोजे पुढे करायचा.

प्रूफ नाणं वाजवून घेत नाहीत, तो सांगायचा.
बोटसुद्धा लावत नाहीत.
ठसा घासून आरसा करतात, चकतीही घासतात,
मग दोनदा दाबतात,
आणि जन्मभर त्यानं पाव विकत घ्यायचा नाही.

छप्पन्न सालचा अर्धा डॉलर असेल तर
घंटा बघू नकोस. घंटेची चीर सगळ्यांनाच दिसते.
उजवीकडचा तो इवलासा गरुड बघ,
त्याची दांडी, दांडीच्या डाव्या अंगाची पिसं.
तीन असतील तर पुढे चल.
वर्षाच्या सुरुवातीला जुना, बसका ठसा होता,
मग कुणीतरी गरुडाला उठाव दिला
आणि त्या उठावात एक पीस गळलं.
चार दिसली
तर श्वास बाजूला सोड, नाण्यावर नको.

तीन हिवाळे मी तीनच मोजली.
पाकिटामागून पाकीट, पिवळट सेलोफेन,
पाच कप्पे, पाच नाणी,
तीन पिसं. तीन. तीन.
डोळा मिटला तरी तीन.

सॉल्वाई ब्रेक्के आली ती उणे बावीसमध्ये,
बुटांच्या खोक्यात नवऱ्याची टपालं घेऊन.
दरवर्षी एक यायचं, ती म्हणाली,
ऑडव्हारनं कधी फोडलं नाही,
मला वाटायचं बिलंच असतील.
भट्टीत तेल भरायचं होतं तिला.
वजनानं घ्या, म्हणाली, वजनाचं मला कळतं.

निस्कानेन मागच्या खोलीत कॉफी गाळत होता.
मी भिंग लावलं.
गरुड बसका. कडा बोथट.
एक, दोन, तीन,
आणि दांडीला चिकटून, लाजल्यासारखं,

चार.

काही झालं नाही. रस्त्यावर बर्फाची गाडी गेली.
बाईंनी विचारलं, चांगलं आहे का?
मी म्हणालो, चांगलं आहे. चांदी नव्वद टक्के.
एक शब्द खोटा नव्हता त्यात.
मी वजन केलं. वजन बरोबर केलं.
दारापर्यंत पोचवायला गेलो, पायरी घसरडी होती म्हणून.

संध्याकाळी ते पाकीट मी स्वतःच घेतलं,
म्हाताऱ्याला रोख मोजून, वजनानं.
त्यानं पाकिटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
भिंगाची पाती मिटवली. टक्.
एवढंच.

चव्वेचाळीस वर्षं झाली.
ते प्लास्टिकच्या डबीत बंद आहे, वर क्रमांक आहे,
किंमत सांगत नाही, तुम्ही विचारलीत तरी.
पाहुण्यांना दाखवतो, त्यांच्या हातात भिंग देतो.
बहुतेकांना घंटाच दिसते.

निस्कानेन गेल्यावर त्याचं भिंग माझ्याकडे आलं.
चामडी घराच्या अस्तरात
एक घडी केलेला कागद, पेन्सिलीचं अक्षर.
ब्रेक्के. चार. फरक पोचवला, सोमवारी.
खाली आकडा. माझ्या दोन पगारांएवढा.

म्हणजे तिला कळलं होतं.
त्यानंतर ती मला दोनदा भेटली, किराण्याच्या दुकानात,
आणि दोन्ही वेळा तिनं
माझ्या भावजयीच्या गुडघ्याची चौकशी केली.

रात्री डबी दिव्याखाली धरतो.
आरशासारखं ते शेत, त्यात गरुड,
आणि गरुडामागे, थोडा वाकून बघणारा,
मी.
तीनपर्यंत नीट मोजतो.
मग डबी जरा तिरकी करतो.